नोंदीचा पत्ता

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मकोशाचे संपादन आरंभिले, तेव्हा त्यांनी स्वीकारलेली रचना कांडांची होती. व्यवहारकांड, संस्कारकांड, राजनीतिकांड असे विभाग, विभागांच्या पोटात प्रकरणे, आणि प्रकरणांच्या पोटात मूळ वचने. ती रचना यथार्थ होती, कारण दायभाग व्यवहाराखाली शोधावा, हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकास कोणी सांगावे लागत नाही. परंतु त्याच शास्त्रीबुवांनी त्याच वाई गावी पुढे मराठी विश्वकोशाची धुरा वाहिली, आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तो मात्र अकारविल्हे! डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशातही प्रस्तावनाखंड तेवढे विषयवार होते. पुढचे खंड वर्णानुक्रमानेच लागले. विषय हाती घेऊन येणारा वाचक वेगळा आणि केवळ शब्द हाती घेऊन येणारा वेगळा, आणि सर्वसंग्राहक कोशाकडे बहुधा दुसराच येतो, हे या दोन्ही संपादकांनी ओळखले होते, असे मला वाटते. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली असा प्रवास करणारी कृष्णा भूगोलाखाली ठेवावी, पाटबंधाऱ्यांखाली की तीर्थक्षेत्रांखाली?

संगणकावर विकी अवतरली तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात पुढे आला. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ च्या पहिल्या विकीत सारी पाने एकाच पातळीवर होती. विकिपीडियाच्या आरंभकाळी, २००१ मध्ये, लेखाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन उपपाने काढण्याची प्रथा पडली. परंतु एका लेखाला एकच पालक ठरवून देणे म्हणजे ज्ञानाला एकाच कुळात बांधणे होय, या आक्षेपापुढे ती टिकली नाही, आणि मुख्य लेखांपुरती ती बंद झाली.

तो आक्षेप किती खरा होता, हे आपल्या मुलखाच्या महसुली इतिहासावरून पडताळता येते. ‘सातारा/तासगाव’ असे उपपान कोणी १९४८ साली केले असते, तर दक्षिण सातारा जिल्हा झाल्यामुळे ते पुढल्याच वर्षी बदलावे लागले असते, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाल्यावर पुन्हा एकदा; दर खेपेस जुन्या पत्त्याने येणारा वाचक रिकाम्या दारातून परतला असता. तासगाव मात्र आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते. वर्गवारी ही संपादकाची त्या-त्या काळची समजूत असते; ती लेखाच्या अंगावर वर्ग म्हणून लावावी, हवे तर दहा लावावेत, पण तिला लेखाचा पत्ता करू नये.

उपपान सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. विकिस्रोतावर ग्रंथाचे प्रकरण ग्रंथाच्याच पोटात राहते, कारण तेथला अंगांगीभाव ग्रंथकाराने कायमचा ठरवलेला असतो. तेथेही उतरंड दोन पायऱ्यांहून खोल नेली, तर लांबलचक पत्त्यात वाचक आपण कोठे आहोत हे विसरतो; म्हणून वर मूळ ग्रंथाकडे नेणारा आणि शेजारी पुढील प्रकरणाकडे नेणारा दुवा प्रत्येक पानावर असलाच पाहिजे.

साताऱ्या-सांगलीकडील गावांविषयी मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे: गावाची नोंद गावाच्याच नावाने करावी, आणि बोरगावासारखी नावे दोन्ही जिल्ह्यांत आढळतात, तेथेच फक्त कंसात तालुका लिहावा.