दोष आणि डागडुजी

निर्दोष तेच टिकाऊ, अशी आपली एक जुनी समजूत आहे. माणसाच्या चारित्र्यात किंवा संस्थेच्या कारभारात फट दिसली, की तिच्या भवितव्याविषयी आपण साशंक होतो. ही समजूत पारखून पाहण्यास आपल्या देहातील एक सूक्ष्म रचना उपयोगी पडेल.

आपल्या पेशींत सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ सूक्ष्मनलिका असतात. पेशीला आकार देणे, तिच्यातील मालवाहतुकीला मार्ग पुरवणे ही त्यांची कामे. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे कण ओळीने जुळून तंतू होतो. असे बहुधा १३ तंतू शेजारी शेजारी जुळून नलिका बनते. परंतु हा आकडा अबाधित नव्हे. परीक्षानळीत घडवलेल्या एकाच नलिकेत तो मध्येच बदलतो, आणि तेथे भिंतीत खिंड राहते.

ही खिंड म्हणजे नाशाची सुरुवात, असे कोणासही वाटेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निराळेच दिसले. वारंवार वाकवलेली नलिका थकून मऊ पडते हे खरे. पण तिला उसंत मिळाली आणि भोवती सुटे ट्यूब्युलिन असले, तर नवे कण भिंतीत बसतात व तिचा ताठपणा परत येतो. पुढे २०१६ साली असेही आढळले की, टोकाकडून ढासळत आलेली नलिका अशा डागडुजीच्या जागी थांबून पुन्हा वाढू लागण्याचा संभव अधिक असतो. उलट, कर्करोगावरील टॅक्सॉल हे औषध नलिकांना स्थिर करून टाकते, आणि त्यामुळेच पेशीचे विभाजन अडते.

मग दोष हाच गुण मानावा काय? मुळीच नाही. उसंत आणि नवे कण नसतील, तर खिंड ही खिंडच राहते. शिवाय पेशीला विवेक नसतो. तिच्यापासून नीती शिकता येत नाही, फार तर एक गैरसमज दूर होतो. नलिकेची दुरुस्ती आपोआप होते. माणसाला मात्र आधी दोष मान्य करावा लागतो. ज्या कचेरीत चूक दाखवणारा शत्रू ठरतो, तेथील दप्तर निष्कलंक दिसेल, पण आतली भिंत थकतच जाईल. म्हणून माणसाची किंवा संस्थेची परीक्षा करताना दोष किती, एवढेच विचारून भागत नाही; तो भरून काढण्यास तेथे वाव किती, हेही विचारावे लागते.