सोडून गेलेल्याचे यश

पिकते तिथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. माल न खपलेल्या धन्याला धीर देण्यासाठी ती वापरतात. परंतु तोच माल परगावी चढ्या भावाने गेला म्हणजे मागे राहिलेल्या गावाला काय वाटते, याविषयी म्हण काही बोलत नाही. मला त्या गावाविषयी लिहावयाचे आहे.

माझा एक भाचा अमेरिकेत बाल्टिमोरला असतो. तेथे त्याला बेसबॉलचे वेड लागले आणि त्या शहराचा ओरिओल्स हा संघ त्याने आपला मानला. २०१६ च्या शरदात त्याने फोनवर मला एक गाऱ्हाणे सांगितले. गाऱ्हाणे जेक अरिएटा नावाच्या पिचरविषयी होते. पिचर म्हणजे क्रिकेटच्या गोलंदाजासारखाच, फक्त धावत न येता जागेवरून चेंडू टाकणारा. दर नऊ डावांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या यावर त्याची पारख होते; आकडा जितका लहान, तितका माणूस मोठा.

अरिएटा २०१० पासून ओरिओल्सकडून खेळला. त्या साऱ्या काळात त्याची सरासरी ५.४६ होती, म्हणजे अगदीच सुमार. अखेर २ जुलै २०१३ रोजी संघाने त्याला आणि आणखी एका पिचरला शिकागोच्या कब्ज संघाला देऊन टाकले. मोबदल्यात आलेला मुख्य खेळाडू स्कॉट फेल्डमन तो हंगाम संपताच दुसरीकडे निघून गेला. इकडे २०१५ मध्ये अरिएटाने २२ सामने जिंकले, सरासरी १.७७ वर आणली आणि आपल्या लीगमधील सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक मिळविले. २०१६ मध्ये कब्जने १९०८ नंतर प्रथमच अजिंक्यपद जिंकले. त्या अंतिम मालिकेतील दोन विजय त्याच्या नावावर आहेत.

“मामा, आमच्याकडे असताना हा माणूस असा का टाकत नव्हता?” भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता. मी हसलो, पण फोन ठेवल्यावर मला हसू राहिले नाही.

हा राग नेमका कोणावर? खेळाडूवर म्हणावे, तर त्याने काही लपवून ठेवले होते असे नाही. हरण्यात त्याला कसली हौस? शिवाय तो सोडून गेला नव्हता. त्याला पाठविले होते. शिक्षकांवर म्हणावे, तर त्यात थोडे तथ्य आहे. अरिएटाने पुढे स्वतःच सांगितले की, अंगावरून तिरका चेंडू टाकण्याची त्याची मूळची लकब बाल्टिमोरला बदलू पाहत होते. शिकागोत ती त्याला परत मिळाली. परंतु एवढ्याने त्या रागाचा तळ लागत नाही. वाईट दिवस आम्ही सोसले आणि फळ दुसऱ्यांनी खाल्ले, हे दुःखही खरेच. पण त्याच्याही खाली एक गोष्ट दडून असते. तो मुळातच कच्चा, असा निकाल आपण देऊन बसलेलो असतो. त्याच्या अपयशात आपल्याला एक सोय असते. त्याच्या यशाने ती सोय मोडते आणि कच्चे कोण होते हा प्रश्न आपल्याकडे वळतो.

हे मला बाल्टिमोरला न जाता ठाऊक आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. भूमितीत तो दर परीक्षेला नापास होई. उत्तर पुष्कळदा बरोबर असे, पण पायऱ्या नसत. मी गुण कापी आणि वर्गासमोर बोलेही. आठवीनंतर वडिलांनी त्याला दुसऱ्या गावच्या शाळेत घातले. दोन वर्षांनी तो दहावीचा निकाल घेऊन, पेढ्यांचा पुडा हातात धरून माझ्या दारात उभा राहिला. गणितात त्याला उत्तम गुण होते.

“तिकडे शिकवणी लावली असेल,” मी म्हणालो.

“नाही सर. तिथले सर म्हणाले, आधी तुला दिसते तशी आकृती काढ; पायऱ्या मागून लिहू.”

त्याने हे अगदी निर्मळपणे सांगितले. मी पेढा घेतला. पण ‘शाबास’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तो गेल्यावर मी पत्नीला म्हणालो, “त्या शाळेत गुण सढळ हाताने देतात.” परीक्षा बोर्डाची होती, हे मला माहीत असताना म्हणालो.

अरिएटाची गोष्ट २०१६ ला संपत नाही. २०२१ मध्ये तो पुन्हा शिकागोला आला. त्याच शहरात, त्याच मैदानावर त्याची सरासरी ६.८८ झाली आणि ऑगस्टमध्ये संघाने त्याला मोकळे केले. तेव्हा गुण एकट्या माणसाच्या मुठीत नसतो, तसा एकट्या जागेतही नसतो; माणूस, जागा आणि वेळ यांचा मेळ बसावा लागतो. बाल्टिमोरला थांबला असता तर तो असाच चमकला असता, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. म्हणजे गमावले म्हणून आपण ज्याचा शोक करतो, ते आपल्या हाती कधी आलेलेच नसते.

हा विचार सांत्वनाचा आहे. म्हणूनच तो मला फार वापरवत नाही. माझ्या वर्गात मेळ बसला नाही, हे खरे. पण तो बसावा म्हणून मी काय केले? त्या मुलाची आकृती मी एकदाही नीट पाहिली नव्हती.

पेढे घेऊन येणारा हिशेब मागायला येत नसतो. त्याला आपला आनंद दाखवावयाचा असतो आणि तो आपल्याला दाखवावासा वाटतो, हा आपला मान असतो. तेव्हा न निघालेला शब्द मी यंदा पत्राने पाठविला. उत्तर अजून आलेले नाही. यावेच असा माझा हक्कही नाही.