टिंब

समोर स्क्रीन आहे. एडिटरचं कोरं पान. कर्सर लुकलुकतोय.

लगेच काही लिहू नका. लुकलुकणं बघा. दिसतं, जातं. दिसतं, जातं.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता एक ओळ लिहा, सावकाश.

कमळ उमललं, काळ थांबला, केळ हललं.

ओळीला फारसा अर्थ नाही. नसू द्या.

शोधाची चौकट उघडा आणि रेजेक्सचं, म्हणजे नमुन्याने शोधायचं, बटण दाबा. पुष्कळ एडिटरमध्ये त्या बटणावर एक टिंब आणि एक चांदणी असते. चांदणीकडे नंतर येऊ. आधी चौकटीत फक्त टिंब द्या.

.

सगळी ओळ उजळते.

बघत राहा. एवढंसं टिंब, आणि सगळी ओळ. ते म्हणतं, इथे कोणतंही एक. अक्षर चालेल. स्वल्पविराम चालेल. दोन शब्दांमधली रिकामी जागाही चालेल.

ओळ संपते तिथे मात्र ते थांबतं. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय खालच्या ओळीत उतरत नाही.

तुम्हीही थांबा.

आता टिंबाच्या एका बाजूला क ठेवा, दुसऱ्या बाजूला ळ.

क.ळ

कमळ उजळतं. काळ उजळतो. केळ उजळतं.

कमळात टिंबाच्या जागी म आहे, ते दिसतं. पण काळमध्ये? डोळ्याला दोनच अक्षरं दिसतात. टिंब बसलं कुठे?

घाई नको. काळ हा शब्द मनात हळू म्हणा. क… आ… ळ.

टिंब कान्यावर बसलंय. केळमध्ये ते मात्रेवर बसलंय. युनिकोडमध्ये काना हे वेगळं चिन्ह आहे, मात्रा वेगळं, वेलांटी वेगळं. प्रत्येकाला स्वतःचं घर. म्हणून नुसत्या कळ या शब्दावर हा नमुना थांबत नाही. तिथे मधे कोणीच राहत नाही.

आता टिंब हाच शब्द लिहा.

टिंब.

डोळ्याला अक्षरं दोन. त्यावर नमुन्यातली टिंबं ठेवून बघा. दोन पुरत नाहीत. तीनही नाहीत. चार लागतात. ट, वेलांटी, अनुस्वार, ब.

डोळ्याला वेलांटी ट च्या आधी दिसते. साठवणीत ट आधी, वेलांटी मागून. जीभ म्हणते त्याच क्रमाने.

पुन्हा म्हणा. ऐका.

सगळी यंत्रं इतकं ऐकत नाहीत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये शब्दातलं अक्षर शोधायचं चिन्ह आहे, बॅकस्लॅश आणि डब्ल्यू. त्याला टिंब हा शब्द दिला, तर हाती ट येतो आणि ब येतो. वेलांटी आणि अनुस्वार शब्दाबाहेर पडतात. मराठी या शब्दातून मर आणि ठ एवढंच उरतं. हे पहिल्यांदा बघितलं की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. तुमचं काही चुकलेलं नाही.

मूळ ओळीकडे या.

आता चांदणी. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. १९५६ साली छापून आलेल्या त्याच्या निबंधाचा विषय होता मज्जापेशींची जाळी. चांदणी म्हणते, आधीचं कितीही वेळा. एकदा, शंभरदा, किंवा एकदाही नाही.

टिंबापुढे ती ठेवा.

क.*ळ

आता तीन तुकडे नाहीत. कमळच्या क पासून केळच्या ळ पर्यंत एकच लांब उजेड.

हे कसं होतं ते जवळून बघू. एक बोट कल्पा, पहिलीतलं मूल वाचताना ठेवतं तसं. बोट पहिल्या क वर टेकतं. मग टिंब आणि चांदणी त्याला पुढे नेतात. पुढे, पुढे, थेट ओळीच्या टोकापर्यंत. दीर्घ श्वास आत घ्यावा तसं सगळं आत.

टोकाला ळ नाही.

आता श्वास सोडा. बोट एकेक घर मागे येतं.

पूर्णविराम.

अनुस्वार.

ल.

ल.

ह.

रिकामी जागा.

ळ.

सातव्या पावलावर सापडलं. बोट थांबतं.

बहुतेक लोक इथे वैतागतात. हवं होतं कमळ, आली अख्खी ओळ. मग कुठूनतरी तयार नमुना उचलून चिकटवतात. मला विचाराल तर ही सात पावलं एकदा बोटाने मोजावीत. पुढचं पुष्कळ कोडं तिथेच सुटतं.

चांदणीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

क.*?ळ

आता ती अधाशी नाही. कमीत कमी घेते. कमळ. काळ. केळ. तिन्ही पुन्हा सुटे.

मागे येणं दर वेळी सात पावलांचं नसतं. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. एका मजकुरात सलग सुमारे वीस हजार रिकाम्या जागा होत्या, आणि कडेची रिकामी जागा छाटणारा एक साधासा नमुना होता. बोट शेवटापर्यंत जाई, तिथे ओळ संपलेली नसे, ते परते. मग दुसऱ्या जागेपासून पुन्हा. तिसऱ्या जागेपासून पुन्हा. सुमारे वीस कोटी वेळा.

तेवढी रिकामी जागा डोळ्यांपुढे आणा. तिच्यावरून फिरणारं बोट.

संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनने १९६८ मध्येच दुसरी रीत छापली होती. तिच्यात परतणं नाही. जितक्या वाटा शक्य, तितक्यांवर एकाच वेळी एकेक बोट, आणि मजकूर एकदाच, सरळ पुढे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता मूळ ओळीखाली आणखी दोन ओळी लिहा.

४ डझन केळी आणणे.
पुणे ४११०३०.

पिनकोड हवाय. चार, आणि पुढे पाच टिंबं.

४.....

पिनकोड उजळतो. केळ्यांची ओळही उजळते. चार, रिकामी जागा, ड, झ, न, रिकामी जागा. मोजून पाच. टिंबाला सगळेच सारखे.

म्हणून टिंबं पुसा. प्रत्येकाच्या जागी चौकटी कंस ठेवा, आत शून्य ते नऊ.

४[०-९][०-९][०-९][०-९][०-९]

केळ्यांची ओळ विझते. पुणे राहतं.

आता कंसही पुसा. त्या दोन ओळीही पुसा. पहिली तेवढी राहू द्या. चौकटीत पुन्हा एकटं टिंब ठेवा. सगळं पुन्हा उजळलं.

त्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्या.

\.

उजेड आवरतो. आता टिंब म्हणजे फक्त टिंब.

उमललंवर एक ठिपका आहे. थांबलाच्या थावर एक. हललंवर एक. डोळ्याला तेही टिंबासारखेच. ते तिघं अंधारात आहेत.

ओळीच्या अगदी शेवटी, एकच ठिपका उजळलेला.

त्याच्यापाशी कर्सर लुकलुकतोय.