बाप म्हणावे कोणाला?

‘पाद्री’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, तो परका आहे याची आठवणही कोणाला होत नाही. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे : बाप. वसईकडची कॅथलिक मंडळी आपल्या धर्मगुरूंना आज ‘फादर’ म्हणतात; म्हणजे भाषा बदलली, पण बाप कायम राहिला. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, त्या वेळी ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसानेही त्यांना बिनदिक्कत ‘फादर’ म्हटले. पण नारायण वामन टिळकांना ‘फादर टिळक’ म्हणून पाहा! जीभ अडखळते. ते रेव्हरंड टिळक. प्रॉटेस्टंट मंडळींच्या देवळात असतो तो ‘पाळक’, म्हणजे कळप राखणारा. एकाच धर्माची ही दोन घरे. एका घरात वडील बसलेले, दुसऱ्यात मेंढपाळ उभा. हा भेद नुसत्या शिष्टाचाराचा असता तर फराळाच्या ताटाशेजारी तो मांडायचे मला कारण नव्हते.

वाद वरवर पाहता एका वचनाचा आहे. पिता ही पदवी पृथ्वीवरच्या कोणाला देऊ नये, असे येशूने शिष्यांना बजावल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. प्रॉटेस्टंट तिथे बोट ठेवतो. कॅथलिक शांतपणे विचारतो, मग त्याच ठिकाणी गुरू म्हणवून घ्यायलाही मनाई आहे; शाळेतल्या मास्तरांना तुम्ही काय म्हणता? शिवाय संत पौलाने करिंथकरांना लिहिताना, शुभवर्तमानाच्या द्वारे मीच तुम्हांला जन्म दिला, अशा अर्थाने स्वतःकडे बापपण घेतलेच आहे. वचनांची ही चकमक शेकडो वर्षे चालली आहे. त्यात मला फारसा रस नाही. मला रस आहे तो ज्याने हे भांडण पेटवले त्या मार्टिन ल्यूथरमध्ये. कारण त्या माणसाला एकाच आयुष्यात तीन बाप भेटले.

पहिला जन्मदाता. हान्स ल्यूथर हा तांब्याच्या खाणी आणि भट्ट्यांच्या धंद्यात कष्टाने वर आलेला गृहस्थ. पोराने वकील व्हावे ही त्याची इच्छा. पण १५०५ च्या जुलै महिन्यात वाटेत वादळाने गाठले, वीज कोसळली, आणि भेदरलेल्या मार्टिनने संत अ‍ॅनाला नवस बोलला की, मी मठात जाईन. गेला. १५०७ साली त्याने पहिली मिस्सा अर्पण केली, तेव्हा हान्स वीस घोडेस्वार घेऊन आला आणि मठाला चांगली घसघशीत देणगी देऊन जेवायला बसला. मुलाला वाटले, राग गेला. त्याने विषय काढला. तेव्हा बापाने भरल्या पंक्तीत त्याला विचारले की, आईबापांचा मान राखावा ही आज्ञा तुम्हां शिकलेल्यांच्या कानांवर कधी आली नाही काय? आणि ते वादळ ईश्वराचेच होते, सैतानाचा चकवा नव्हता, हे कशावरून? लग्नापायी किंवा नोकरीपायी असा प्रश्न पंक्तीत आपल्याकडेही कित्येकांनी ऐकला असेल. ल्यूथरला तो जन्मभर विसरता आला नाही. १५२१ साली मठवासाच्या व्रतांविरुद्ध लिहिलेले पुस्तक त्याने याच बापाला अर्पण केले. तुमचे म्हणणे खरे होते, असे त्यात त्याने कबूल केले. पण मला त्या व्रतातून सोडवले ते तुम्ही नव्हे, ख्रिस्ताने, हेही बजावायला तो चुकला नाही.

दुसरा बाप योहान फॉन श्टाउपिट्स. हा त्याच्या पंथाचा वरिष्ठ, आणि ज्याच्यापुढे गुडघे टेकून पापनिवेदन करायचे तो धर्मगुरू. तरुण ल्यूथर सहा-सहा तास पापे सांगत बसे. उठून जाई आणि एक राहिलेच म्हणून परत येई. श्टाउपिट्स कधी वैतागे. क्षमा करण्यासारखे खरे काही पाप असेल तर घेऊन ये, असल्या चिल्लर वस्तू आणू नकोस, असा त्याचा सूर असे. पण त्याने या पोराला झिडकारले नाही. देवाच्या क्रोधाकडे टक लावून बसण्यापेक्षा ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, असे त्याला शिकवले आणि विटेनबर्गला बायबल शिकवण्याची स्वतःची जागा त्याच्या हाती दिली.

तिसरा बाप पोप. हा शब्दही मुळात लहान मुलाच्या तोंडचा ‘बाबा’च. १५१७ नंतर या बापाशी काय झाले ते सर्वविश्रुत आहे, म्हणून मी ते सांगत बसत नाही.

आता कोणालाही वाटेल की, ज्याने पोपला झुगारले त्याने आत्मिक पित्याची कल्पनाच मोडीत काढली असेल. तसे झाले नाही. १५२९ च्या ‘मोठ्या धर्मबोधा’त आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर लिहिताना ल्यूथर रक्ताचा बाप, घरधनी आणि राज्यकर्ता यांच्यानंतर आत्मिक पित्यांचा उल्लेख मुद्दाम करतो, त्यांना दुप्पट मान द्या म्हणतो. अट एकच, की त्यांनी देवाच्या वचनाने चालवावे. पापनिवेदनही त्याने टाकले नाही, फक्त एकूण एक पाप मोजून सांगण्याची सक्ती काढली. म्हणजे बाप हवा होता. जाब विचारता येणार नाही असा बाप नको होता.

कॅथलिक बाजूही आपण समजतो तितकी भाबडी नाही. धर्मगुरूचे बापपण त्याच्या गुणांवर उभे नसून त्याला मिळालेल्या अधिकारात आहे, असे ती सांगते. तो प्रेषितांपासून हस्तान्तरित होत आलेला. धर्मगुरू वाईट निघाला म्हणून त्याने दिलेला बाप्तिस्मा खोटा ठरत नाही (हे ल्यूथरपंथीयांनाही मान्य आहे). या विचारात मोठा दिलासा आहे. माझा उद्धार दुसऱ्याच्या चारित्र्यावर टांगलेला नाही. आणि पोपची अस्खलनीयता, जिच्याबद्दल एवढा गवगवा होतो, ती १८७० मध्ये घोषित झाली ती श्रद्धा आणि नीती यांविषयीच्या, पीठावरून केलेल्या अंतिम निर्णयांपुरतीच. त्यानंतर ती उघडपणे वापरली गेली ती १९५० साली, एकदाच.

तर मग गाडे अडते कुठे? बाप एक सांगतो आणि ग्रंथ दुसरेच सांगतो आहे असे मुलाला वाटते, तिथे. कॅथलिक म्हणतो, ग्रंथ घरातच सांभाळला गेला, त्याचा अर्थ घरातल्या वडिलांनाच विचार. ल्यूथरपंथीय म्हणतो, वडीलही ग्रंथाखालीच आहेत. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे दोन्ही पक्षांनी कृपा आणि तारण यांविषयी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ज्या प्रश्नावरून घर फुटले त्यावर एवढा समेट झाला. अधिकाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

दोघांनीही आपापल्या उत्तराची किंमत मोजली आहे. ल्यूथरने पोपला बाहेर काढले खरे, पण रिकाम्या खुर्चीत जर्मनीतले राजेरजवाडे येऊन बसले आणि १९१८ पर्यंत उठले नाहीत. आपण ज्याला ‘मायबाप सरकार’ म्हणतो त्यातलाच हा प्रकार. कॅथलिकांची किंमत अधिक कडू आहे. २००२ साली बोस्टनमध्ये, आणि पुढे देशोदेशी, बाहेर आले की, काही धर्मगुरूंनी लेकरांवर अत्याचार केले आणि वरिष्ठांनी त्यांना शिक्षा करण्याऐवजी एका गावातून दुसऱ्या गावात हलवले. ज्याला ‘फादर’ म्हणायचे त्याच्याविरुद्ध बोलायला त्या मुलांजवळ शब्दच नव्हता. घरी सांगितले तर घरचा बापही विश्वास ठेवीना. हे वाचल्यापासून पदाचे बापपण माणसापासून वेगळे काढणाऱ्या त्या दिलासादायक विचाराकडे मी जरा सावधपणे पाहतो. पण सगळेच बाप हद्दपार करून ग्रंथ आणि मी एवढेच उरू, हेही मला मानवत नाही. रात्री दोन वाजता स्वतःच्या अपराधांपुढे एकटा बसलेला माणूस स्वतःला माफ करू शकत नाही. ते शब्द दुसऱ्याच्या तोंडून यावे लागतात. सहा तास ऐकून घेणारे कोणी तरी लागते.

म्हणून मी पुन्हा श्टाउपिट्सकडे वळतो. १५१८ साली ल्यूथर आउग्सबुर्गला कार्डिनलपुढे उभा होता, तेव्हा श्टाउपिट्सने त्याला आज्ञापालनाच्या व्रतातून मोकळे केले. स्वतःचा पंथ वाचवण्यासाठी केले की त्याच्यासाठी, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही खरे वाटते. ज्या हाताने धरले होते त्याच हाताने सोडले. पुढच्या वर्षी ल्यूथरने त्याला लिहिले की, दूध तोडलेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली आहे. तुम्ही मला सोडून चालला आहात आणि मी रडतो आहे असे स्वप्न पडले. श्टाउपिट्स मात्र बंडात सामील झाला नाही. तो झाल्त्सबुर्गच्या बेनेडिक्टाइन मठाचा प्रमुख झाला आणि १५२४ साली पोपच्याच ख्रिस्तसभेत मरण पावला.

१५४५ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, म्हाताऱ्या ल्यूथरने पोपचे आसन सैतानाने स्थापले असे सांगणारे एक जहाल पुस्तक छापले. त्याच वर्षी आपल्या राजाला धाडलेल्या एका पत्रात त्याने लिहिले की, या शिकवणुकीत माझा बाप डॉक्टर श्टाउपिट्स.