भोगलेलं आणि कळलेलं

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण सहज म्हणून जातो. लहानपणापासून कमी ऐकू येणारी मुलगी पुढे ऑडिऑलॉजिस्ट झाली की हीच म्हण आठवते. श्रवणयंत्रानं आवाज वाढतो, पण गोंगाटातला शब्द सुटा होतोच असं नाही. वर्गातला खडखडणारा पंखा, फळ्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक, हे सारं तिला तपासणीच्या आलेखाआधीच ठाऊक असतं.

मग ज्यानं भोगलं नाही, त्यानं बोलूच नये काय? अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी, दोघीही कर्णबधिर. माया कमी नव्हती. तरी शाळांतून खुणांची भाषा जावी, असाच त्यांचा आग्रह. १८८० साली मिलानच्या परिषदेत तसा ठराव झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. त्याबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० साली, व्हँकुव्हरच्या परिषदेत. १३० वर्षांनी!

नुसत्या मायेनं भागत नाही. नुसत्या भोगण्यानंही नाही. मला यंत्र मानवलं, तुझ्या मुलाला खुणा कशाला, असं भोगलेला माणूसही म्हणू शकतो.

आपल्याकडे अपंग दिसला की हात खिशाकडे जातो. सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती ज्यांच्या निमित्ताने उतरल्या, ते हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. मदिनेत त्यांच्याकडे अजान सोपवली गेली. पहाट झाल्याचं लोक त्यांना सांगत, मग ते फजरची अजान देत.