कोटितीर्थाच्या काठी
मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये कलेचे रीतसर शिक्षण घेतलेले आणि पुढे शाहू छत्रपतींनी आपल्या पदरी दरबारी चित्रकार म्हणून ज्यांची नेमणूक केली, ते आबालाल रहिमान कोल्हापुरातील कोटितीर्थाच्या तळ्याकाठी राहून तोच परिसर प्रहराप्रहराला पालटणाऱ्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगवीत असत, हे स्मरले की मला त्यांच्या दरबारी मुशाहिऱ्यापेक्षा त्यांच्या सकाळींचा हेवा वाटतो. जलरंगात पाण्यावरची चकाकी म्हणजे बहुधा कुंचल्याने न शिवलेला कोरा कागदच असतो. तो कोठे आणि किती राखावयाचा, याचा निर्णय ओल सुकण्याच्या आत करावा लागतो, आणि तो साधला की होणारा आनंद अन्य कोणत्याही सन्मानाहून उणा नसावा. दरबारी तसबीर फर्माइशीने होते. तळ्यावरचे धुके मात्र कोणाच्या हुकुमाने उतरत नाही, जो वेळेवर उठेल त्याचे ते. आबालाल १९३१ साली निवर्तले. त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. तिकडे जाणे झाले तर ती सवड काढून, दोन पावले मागे सरून पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.