घाव आणि बळ

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण ज्याच्यावर घाव पडला त्याच्यापेक्षा जो पाहत उभा आहे त्याच्याच तोंडी अधिक आढळते. परीक्षेत नापास झालेल्या मुलास वडील ती ऐकवितात, वैधव्य आलेल्या स्त्रीस आप्तेष्ट ऐकवितात, नोकरी गेलेल्या तरुणास मित्र ऐकवितात. आघाताने मनुष्य बळकट होतो, हा तिचा सर्वमान्य अर्थ. तो कितपत खरा आहे, याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही म्हण दगडाविषयी आहे, आणि दगड घावाने बळकट होत नाही. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळला जाऊन आठव्या शतकातील कैलास लेणे पाहावे. तेथील मूर्ती घावांनी सबळ झाल्या नाहीत. नको तो पाषाण शिल्पकाराने काढून टाकला, एवढेच. घावाने बळ वाढते काय, हा प्रश्न दगडास नव्हे, धातूस विचारला पाहिजे. वेरूळच्याच वाटेवर देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्ला लागतो. तेथील बुरुजावर औरंगजेबाच्या काळची मेंढा तोफ आहे. तिच्या मागील टोकास मेंढ्याचे मस्तक असल्यामुळे तिला हे नाव पडले. तोफ म्हणजे क्षणार्धातील आघात वारंवार सोसण्यासाठी केलेली धातूची नळी. तेव्हा आमच्या प्रश्नास याहून योग्य साक्षीदार मिळणे कठीण.

धातूचे पहिले उत्तर त्या म्हणीस अनुकूल वाटेल. १८७२ साली इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन याने लोखंडी तारेवर वजने टाकून ती कशी तुटते याचे प्रयोग केले. १९०५ साली त्याचा पुत्र बर्ट्रम याने ते पुढे नेले. त्यास असे आढळले की, सावकाश टांगलेल्या ज्या भाराने तार हमखास तुटावी, त्याहून मोठा ताण ती सेकंदाच्या सहस्रांशाएवढा काळ सहज सोसते. याचे कारण पुढे उमगले. धातू वाकतो तेव्हा अणूंची रांग एकदम सरकत नाही. रांगेतील एक वैगुण्य, सतरंजीवरील सुरकुती सरकावी तसे, पुढे पुढे जाते. वाटेतील अडथळे ओलांडण्यास अणूंचे उष्णतेमुळे होणारे कंपन साहाय्य करते. मात्र त्यास अवधी लागतो. आघात अतित्वरित झाला की तो अवधीच मिळत नाही, आणि धातू ताठ राहतो.

म्हणजे हे बळ धातूने मिळविलेले नव्हे. वाकण्यास वेळ मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरात अकस्मात मृत्यू घडला असता जी स्त्री डोळ्यांस पाणी न आणता सर्व व्यवस्था पाहते, तिच्या धैर्याची आपण वाखाणणी करतो आणि तेराव्याचे जेवण आटोपून निश्चिंत मनाने आपापल्या घरी जातो. परंतु तिचा भार आता कोठे सावकाश टांगला जाऊ लागलेला असतो. क्षणाचा ताठपणा आपण कायमचे सामर्थ्य समजतो, आणि जेव्हा आधार द्यावयाचा तेव्हाच तो काढून घेतो. या म्हणीचा हा पहिला अपराध होय.

धातूचे दुसरे उत्तर तांबटाच्या दुकानी मिळते. तांबट भांडे मठारतो तेव्हा तांबे खरोखरच कठीण होते, आणि ते काठिण्य टिकते. ठोक्यागणिक आतील वैगुण्ये वाढून एकमेकांत गुंततात व पुढे सरकेनाशी होतात. परंतु या बळाची किंमत मोजावी लागते. जितके काठिण्य वाढले, तितकी वाकण्याची शक्ती खर्ची पडली. म्हणून घडविताना भांडे कठीण झाले की तांबट हातोडी खाली ठेवतो, ते भट्टीत लाल करतो, नरम होऊ देतो आणि मग पुन्हा ठोकतो. तसे न करता जो ठोकीतच राहील, त्याचे भांडे तडकेल. आणि त्याबद्दल तांब्यास दोष देण्याचे धाडस कोणी तांबट करणार नाही. बापास व शिक्षकास मात्र ते सहज साधते.

तिसरे उत्तर तोफेचे. पूर्वी तोफा बिडाच्याही ओतीत. त्या स्वस्त पडत व बीड पुष्कळ कठीणही असते. तरीसुद्धा जाणते लोक तांब्यात थोडे कथील मिसळून केलेल्या धातूस अधिक मान देत. मेंढा तोफही पंचधातूची म्हणूनच ओळखली जाते. बिडाची तोफ फुटते ती सूचना न देता, आणि तिच्या ठिकऱ्यांनी जवळचे गोलंदाज मरतात. तांब्याच्या मिश्रणाची तोफ बहुधा आधी फुगते, चिरते, आणि आपण थकलो हे दाखविते. आघात सोसावयाचा त्याच्या अंगी केवळ काठिण्य असून भागत नाही. थोडे नमण्याची आणि नमलो हे दिसू देण्याची शक्ती हवी. आपल्या घरांत ‘रडू नकोस’ असे बजावून ज्या मुलांना वाढविले जाते, त्यांच्या अंगची ही शक्तीच आपण काढून घेत असतो.

मग आघात नकोतच काय, असा प्रश्न कोणी करील. आघात कोणास चुकत नाहीत, आणि कष्टावाचून कोणी घडतही नाही, हे आम्हांसही मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की, घावाने बळ येते हा सिद्धान्त घाव घालणाराने स्वतःच्या समर्थनार्थ वापरू नये. घावाने आलेले बळ एक तर क्षणिक असते, नाही तर ते उसने असते. आणि उसने फेडावयास भट्टीची ऊब लागते. ती ऊब देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हातोडी हाती घेऊ नये.